ते स्पीडब्रेकर नव्हते

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी मला 'फावल्या वेळातले छंद' या सदरात दोन पानं दिली. माझ्या आधीच्या पानावर बोन्साय आहे आणि नंतरच्या पानावर केकवरची नक्षी. मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, की मी करते तो छंद नाही, काम आहे. पहाटे पाचला उठते, दोन तास गाडी चालवून जाते, दिवसभर कुदळ मारते आणि अंगावर गोचीड घेऊन घरी येते. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो विजयाताई, पण पगार कुठे मिळतो तुम्हाला?" पगार नाही म्हणजे काम नाही, हे बायका चूल फुंकत होत्या तेव्हापासून ऐकत आल्या आहेत. अमेरिकेत येऊन, मोठमोठ्या पदव्या घेऊन, एका बाईने ते दुसऱ्या बाईला ऐकवावं याचा मला इतका संताप आला की दोन पानांची चार पानं झाली. कापायचीच असतील तर केकची कापा.

आणखी एक आधीच सांगते. या अंकाच्या वाचकांपैकी बारा जण या हकिकतीत आहेत. त्यांनी जरा सावरून बसावं. नावं मी दोघांचीच घेतली आहेत, आणि ती त्यांना विचारून घेतली आहेत.

तर काम काय आहे ते सांगते. आपल्या ओहायोतल्या डब्लिनहून आग्नेयेला दोन तासांवर सरकारी जंगल आहे. ओक, हिकरी, मेपल, खाली चिकणमाती आणि मध्येच वाळूच्या दगडाचे सुळके. त्या जंगलात घोड्यांच्या वाटा आहेत आणि वाटांच्या तोंडाशी घोडेवाल्यांसाठी कॅम्प आहे. माणसं आपापले घोडे ट्रेलरमध्ये घालून आणतात, दोन रात्री मुक्काम करतात, दिवसा वाटांवरून फिरतात. हे सगळं जंगल खात्याचं. फलक खात्याचा, नियम खात्याचे, हिरवा रंग दिलेलं फाटक खात्याचं. पण तिथे कुदळ धरणारा, पडलेलं झाड कापणारा, मोडलेला खांब बदलणारा, चुलींमधली राख काढणारा आणि संडास धुणारा माणूस खात्याचा नसतो. तो आमच्यासारखा स्वयंसेवक असतो. खात्याकडे माणसंच उरलेली नाहीत. ब्रायन नावाचा एक भला तरुण आहे, त्याच्याकडे असे तीन कॅम्प आहेत आणि एक जुना ट्रक. तो दर वेळी आमचे आभार मानतो. आभारांवर जंगल चालतं असा वर कुणाचा तरी समज झालेला दिसतो.

लोकांना वाटतं, जंगलातली वाट ही आपोआप असते. कुणी चालत गेलं, झाली वाट. मला हे ऐकलं की हसावं की रडावं कळत नाही. पायवाटेचं एक वेळ सोडा. घोडा म्हणजे चारशे-पाचशे किलोचं जनावर, आणि ते सगळं वजन लोखंडी नाल ठोकलेल्या चार टापांवर. ओल्या मातीत ते चारदा गेलं की चिखल, चाळीसदा गेलं की खड्डा. वर स्वार बसलेला, म्हणजे फांद्या नऊ-दहा फुटांपर्यंत छाटलेल्या हव्यात, नाहीतर पहिल्याच वळणावर कपाळमोक्ष. घोडा कॅम्पमध्ये बांधायचा तोही झाडाला नाही. कंटाळलेला घोडा पायाने उकरत बसतो, आणि एका उन्हाळ्यात मुळं उघडी पडून झाड मरतं. म्हणून दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून मध्ये उंच दोर ताणायचा आणि त्याला घोडा बांधायचा. हे फलकावर लिहिलेलं असतं, चित्रासकट. तरी दर आठवड्याला एक महाभाग झाडालाच बांधतो. एकाला मी हटकलं तर म्हणाला, "मॅडम, इथे झाडं बरीच आहेत." मी म्हटलं, "घोडेही बरेच आहेत." त्याने गुमान दोर ताणला.

आपली माणसं येतात तेव्हा वेगळीच तऱ्हा. डोरिस तिच्या घोडीला पाणी दाखवत उभी होती, तर मुलाबाळांसह आलेल्या एका मराठी गृहस्थाने तिला विचारलं, पॉइंट दाखवून आणायचे किती घेता. त्यांना वाटलं, माथेरान. डोरिसने मला विचारलं, कसले पॉइंट? मी तिला काय सांगणार, कपाळ!

ही डोरिस म्हणजे या कामातली माझी गुरू. जवळच्याच गावातली, शेतावर वाढलेली, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी निवृत्त झाल्यावर एकदा त्या कॅम्पजवळ नुसती फिरायला गेले होते, तेव्हा ही बाई एकटी चढावर माती उकरत होती. मी सव्वीस वर्षं कोलंबसच्या एका कंपनीत रस्त्यांच्या गटारांची आणि मोऱ्यांची ड्रॉइंग्ज केली आहेत, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, "हा चर आणखी तिरका हवा." तिने वर पाहिलं, फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग दाखव." त्याला नऊ वर्षं झाली. मी स्वतः घोड्यावर बसत नाही. दोनदा बसले, दोन्ही वेळा उतरायचं कसं याचीच काळजी होती. मला वाटेचं प्रेम आहे, आणि खरं सांगायचं तर पाण्याचं.

कारण वाटेचा वैरी घोडा नाही, पाणी आहे. पाण्याला वाट दिली नाही की ते वाटेची वाट लावतं. चढावर पाऊस पडला की ते वाटेवरूनच धावतं, कारण वाट म्हणजे त्याच्या दृष्टीने तयार पन्हळ. धावताना माती नेतं. म्हणून चढावर ठरावीक अंतराने वाटेत तिरके, बुटके, मातीदगडाचे बांध घालतात आणि प्रत्येक बांधाच्या वरच्या अंगाला उथळ चर काढतात. पाणी आलं की चरात वळतं आणि उताराकडे बाजूला सांडतं. घोडा त्यावरून सहज जातो, स्वाराला कळतही नाही. डोरिसने आणि मी मिळून कॅम्पमागच्या चढावर असे अकरा बांध घातले. दोन हंगाम लागले. प्रत्येक दगड हाताने बसवलेला. सव्वीस वर्षांत माझ्या ड्रॉइंग्जवर साहेबांच्या सह्या झाल्या. त्या अकरांवर कुणाचीच सही नाही, आणि तरी ते माझे आहेत.

याच काळात मी खात्याची परीक्षा देऊन क्रू लीडरचं, म्हणजे स्वयंसेवकांच्या तुकडीच्या प्रमुखाचं, कार्ड मिळवलं. कंपनीत मला कधी टीम मिळाली नाही. मी शिकवलेली पोरं माझ्या वर गेली आणि मला दर वर्षी 'टीम प्लेयर' म्हणून शाबासकी मिळत राहिली. इथे चौसष्टाव्या वर्षी एका प्लॅस्टिकच्या कार्डावर माझं नाव आलं आणि खाली 'क्रू लीडर'. मी ते पाकिटात लायसन्सच्या पुढे ठेवते. ठेवत होते.

तो चढ ज्या वाटेवर आहे ती सहा मैलांची वाट कॅम्पमधून निघते आणि परत कॅम्पमध्येच येते. तिथली तेवढी एकच वाट सौम्य आहे, बाकीच्या खडकाळ. डोरिसच्या दोन्ही खुब्यांचं दुखणं आहे. डॉक्टरांनी तिला गेल्या वर्षी सांगितलं, घोड्यावर बसणं अजून दोन हंगाम, फार तर तीन. तिने ते मला सांगितलं तेही कुदळ मारता मारता, जणू हवामानाचा अंदाज सांगतेय. वर म्हणाली, "त्या वाटेवर जाता येईल तोवर मी म्हातारी नाही." तेव्हा मी मनाशी ठरवलं, की माझा हात चालतो आहे तोवर ही वाट बंद होऊ द्यायची नाही. आणि मीच ती बंद पाडली. कशी ते आता सांगते.

एप्रिलमध्ये आपल्या मंडळाने श्रमदान ठरवलं. सेक्रेटरी अमेय आणि त्याची बायको मधुरा, दोघंही आयटीतली, मूळची पुण्याची. त्यांच्यासकट बारा जण आले. सगळ्यांचे मंडळाचे नवे टी-शर्ट, नवे बूट, इडल्यांचे डबे आणि ड्रोन. तरी मी खूश होते. माझी माणसं माझं काम बघायला आली होती. डोरिस त्या दिवशी नव्हती, तिच्याकडे नालबंद येणार होता.

आमच्या क्रूत दोन जुने रिवाज आहेत. नवी मंडळी आली की लीडर त्यांना घेऊन चढावर जातो, पहिल्या बांधाशी थांबतो आणि वरून बाटलीभर पाणी ओततो. पाणी चरात वळतं, बाजूला सांडतं, आणि सगळ्यांना आपोआप कळतं की हे कशासाठी आहे. नवख्यांना सोडून लीडरने कुठेही जायचं नाही, हाकेच्या अंतरात राहायचं. दुसरा रिवाज, दिवसाची सुरुवात संडासांनी. कॅम्पमध्ये दोन आहेत, खाली खोल टाकी, फ्लश नाही. ज्याची पाळी त्याने धुवायचे. डोरिस धुते, मी धुते, निवृत्त न्यायाधीश आहेत एक, तेही धुतात. कुणी मोठं नाही आणि कुणी सुटत नाही. पहिल्या दिवशी मला या क्रूत काय आवडलं असेल तर ते हेच.

मी विचारलं, "आज कोण घेतंय?" बारा जण आपापल्या नव्या बुटांकडे बघायला लागले. एकीने मास्क आणला नाही म्हटलं. एकाची पाठ धरली. मग अमेय अगदी समजूतदारपणे म्हणाला, "काकू, आय मीन, हे कुणाला तरी हायर करून नाही का करता येणार? आपण ट्रेलवर काम करायला आलोय ना."

मधुरा म्हणाली, "अरे, मी करते."

"नाही गं, तुला ॲलर्जी आहे. कॅन्सल कर ते. काकू, तुम्ही पार्कवाल्यांना सांगा, ते पाठवतील कुणाला तरी."

कुणाला तरी. मी नागपूरच्या इंदोऱ्याची. माझ्या आजोबांना गावात दुसऱ्यांची घाण काढायला लावत, म्हणून ते गाव सोडून शहरात आले, गिरणीत लागले, आणि धम्मदीक्षेच्या दिवशी आजीसह त्या मैदानात उभे होते. हे 'कुणी तरी' म्हणजे कोण, हे माझ्या घरात चार पिढ्यांना माहीत आहे. अमेयला ते माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. त्याने कधी विचार केला नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. पण माहीत नसण्याची चैन कुणाला परवडते हाही प्रश्न आहेच, आणि तो मी याच अंकात विचारते आहे, कारण हा अंक तो वाचतो.

तेव्हा मात्र मी काहीच विचारलं नाही. तिथेच चुकलं. शांतपणे सांगायला हवं होतं की ही पाळी आहे, ती सगळ्यांची आहे, चिठ्ठ्या टाकू. त्याऐवजी माझं डोकं फिरलं. मी बादली उचलली आणि म्हटलं, "जा. तुम्ही वर जा. झुडपं छाटा, फांद्या बाजूला करा, वाट मोकळी करा. हे मी बघते." फावडी, कुदळी, मोठ्या कात्र्या त्यांच्या हातात दिल्या आणि बारा नवख्यांना लीडरशिवाय चढावर धाडलं. बाटली नाही, पहिला बांध नाही, बांधांबद्दल एक शब्द नाही. दोन्ही संडास मी असे लख्ख धुतले की त्यात आरशासारखं तोंड दिसावं. माझं दिसलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वाजता मंडळी घामाघूम होऊन खाली आली. खरं सांगते, त्यांनी जीव तोडून काम केलं होतं. अमेयच्या तळहातांना फोड आले होते. म्हणाला, "काकू, एकदम फ्लॅट केलंय!" मी 'हं' म्हटलं. वर जाऊन बघणं माझं काम होतं. मी गेले नाही, कारण मी रुसले होते. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि रुसवा शाळकरी मुलीचा. इडल्याही खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. डाव्या बाजूला 'आधी', उजव्या बाजूला 'नंतर'. डावीकडे माझा चौथा बांध, उजवीकडे गुळगुळीत रस्ता. खाली अमेयने लिहिलं होतं, 'घोडे अडखळू नयेत म्हणून सगळे स्पीडब्रेकर काढले, खड्डे भरले. टीमवर्क!' खाली सत्तावीस टाळ्या.

स्पीडब्रेकर! आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या दारात कुणीतरी रातोरात घातलेला एक बेकायदा उंचवटा असतो, आणि तो उखडला की पुण्य लागतं, हे त्या बारा जणांच्या हाडीमाशी खिळलेलं. अमेरिकेतल्या कुठल्याही बारा गोऱ्यांनी ही चूक केली नसती. त्यांनी दुसरी केली असती. आपल्या माणसांनी दगड उपटले, बांध खणून सपाट केले, आणि तीच माती चरांमध्ये भरून पायांनी दाबली. दोन हंगामांचं काम पाच तासांत. मी टेबलावर हात आपटला तो इतक्या जोरात की चहा सांडला.

डोरिसला फोन केला. म्हटलं, आत्ता निघते, संध्याकाळपर्यंत निदान चर तरी मोकळे करू. ती म्हणाली, "व्ही, खिडकीतून बाहेर बघ." ती मला व्ही म्हणते. इथे पाऊस सुरू झाला होता, तिच्याकडे तासापूर्वीच झाला होता. ओल्या चिकणमातीत काम करायचं नाही, करायला गेलं तर आणखी बिघडतं. म्हणजे घरात बसून बघणं. तो पाऊस बुधवारपर्यंत लागला. मी डब्लिनच्या माझ्या नीटनेटक्या घरात, नीटनेटक्या गटारांच्या कॉलनीत, तीन दिवस पाण्याचा आवाज ऐकत होते. शनिवारी वर पाठवलेली बारा माणसं मला आठवत होती, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आठवत होती ती बादली.

गुरुवारी डोरिस आणि मी वर गेलो. अकरा बांधांच्या जागी एक नाला होता. गुडघाभर खोल, वरपासून खालपर्यंत. आदल्या दिवशी केंटकीहून आलेल्या एका स्वाराची घोडी त्यात घसरली होती, तिचा गुडघा सोलवटला होता, आणि त्याने खात्याकडे तक्रार केली होती. वाटेच्या तोंडाला पिवळी पट्टी लागली होती. डोरिस नाल्याच्या काठावर उभी राहिली, काठीने माती चाचपली, एवढंच म्हणाली, "बरं." माझ्यावर ओरडली असती तर मला सोसलं असतं.

घरी येऊन मी अमेयला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, सॉरी. रिअली सॉरी. पण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ना." मी फोन आपटला. खोटं बोलला असता तर माझा राग उतरला असता. तो खरं बोलला होता.

सोमवारी ब्रायनने मला कॅम्पवर बोलावलं. लाकडी टेबलावर त्याने नुकसानीचा अहवाल ठेवला. त्यात दोन चौकोन होते, एक 'नैसर्गिक', दुसरा 'मानवी'. ब्रायन माझ्या मुलाच्या वयाचा आहे आणि मनाने चांगला. म्हणाला, "तीन दिवस धो धो पाऊस होता. मी पहिल्या चौकोनात खूण केली तर कुणी काही विचारणार नाही."

"आणि वाट कधी उघडेल?"

त्याने डोकं खाजवलं. नैसर्गिक नुकसान झालं की वरच्या ऑफिसातून सर्वेक्षणाला माणूस यावा लागतो. तो माणूस आता नाही. नवा नेमेपर्यंत वाट यादीत जाते. "तीन वर्षं," तो म्हणाला, "कदाचित चार."

"आणि दुसऱ्या चौकोनात?"

"मग ज्या क्रूने बिघडवली त्यांना याच हंगामात माझ्या देखरेखीखाली दुरुस्त करता येते. मी तपासली की उघडते." त्याने पेन माझ्यापुढे ठेवलं. "पण मग लीडर कुठे होती, हे लिहावं लागेल."

नियम कसा आहे बघा! पावसाने मोडलं तर चार वर्षं, माणसाने मोडलं तर दोन महिने. गुन्हा कबूल केला तर दुरुस्तीची परवानगी, निर्दोष असाल तर रांगेत उभे राहा. असा नियम करणाऱ्याला मी त्या नाल्यात उभं करून वरून बाटलीभर पाणी ओतायला तयार आहे. पण नियम तोच होता आणि पेन माझ्या हातात होतं.

खोटं बोलायचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. पाऊस तर खरंच पडला होता. आणि खरं लिहिलं तर कार्ड जाणार होतं. मंडळाच्या माथी मारायचाही विचार मनात आला, तोही लपवत नाही. पण त्या कागदावर बारा नावं लिहायला जागाच नव्हती. 'काम कुणाच्या देखरेखीखाली' या ओळीपुढे एकाच नावापुरती जागा होती. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली, माझं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'लीडर हजर नव्हती. रागाने निघून गेली होती.' ब्रायनने वाचलं. म्हणाला, "रागाचं लिहिलं नाही तरी चालेल." मी म्हटलं, "राहू दे."

मे आणि जून, सलग सात शनिवार आम्ही तो चढ पुन्हा बांधला. पहिल्या शनिवारी बारांपैकी पाच आले, नंतर तीन, पण अमेय आणि मधुरा सातही शनिवार आले. सकाळी चिठ्ठ्या टाकल्या, पहिलीच चिठ्ठी अमेयची निघाली. त्याने संडास धुतले. मेला नाही. दगड वाहिले, माती आणली, नाला थराथराने भरून ठोकला. तिसऱ्या शनिवारी कुदळ टेकवून तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी 'कुणाला तरी' म्हटलं ते तुम्हाला लागलं ना? मधुराने मला परतीच्या ड्राइव्हमध्ये समजावलं." मी म्हटलं, "लागलं." तो म्हणाला, "मी खरंच विचार केला नव्हता." मी म्हटलं, "ते दिसलंच." यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही, पण त्याने तो विषय स्वतः काढला हे मी इथे लिहून ठेवते.

मधुराला पाणी कळतं. हे शिकवून येत नाही. कोरड्या जमिनीकडे बघून ती सांगते की इथून येईल आणि तिथे वळेल, आणि बाटली ओतली की ते तिथेच वळतं. तिने आता लीडरच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. मी तिला अभ्यासाला मदत करते आणि ती मला हेल्मेट घातलं नाही म्हणून ओरडते.

जुलैत ब्रायनने वाट तपासली आणि पट्टी काढली. त्याच आठवड्यात मला वरच्या ऑफिसचं पत्र आलं. माझं कार्ड रद्द. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, तेव्हा मी सत्तर वर्षांची असेन. शेवटच्या ओळीत माझ्या उत्साहाबद्दल कौतुक होतं. आणि वाटेच्या तोंडाशी नवा हिरवा फलक लागला, 'ही वाट जंगल खात्याने दुरुस्त केली आहे.' मी त्या फलकासमोर उभी राहून मराठीत जे बोलले ते संपादिकाबाई छापणार नाहीत.

वाट उघडली त्या शनिवारी डोरिस आपल्या घोडीला, पेनीला, ट्रेलरमध्ये घालून आली. कार्डाचं मी तिला सांगितलं नव्हतं. ब्रायनने सांगितलं असावं, कारण ती गाडीतून उतरली ती काठी टेकत तडक माझ्याकडे आली आणि भांडायलाच लागली.

"त्याने तुला दुसरा चौकोन दाखवला होता ना? पावसाचा?"

"होता."

"मग? तुझ्या त्या कार्डासाठी तू तीनदा परीक्षा दिलीस. मी काय मरत होते का? मी थांबले असते."

"चार वर्षं?"

"थांबले असते," ती ओरडली. अमेय आणि मधुरा फावडी घेऊन लांबूनच बघत होते.

डोरिस पूर्वी जमिनीवरून थेट रिकिबीत पाय घालायची. आता घोड्यावर बसायला तिला ओंडक्यावर चढावं लागतं, आणि ओंडक्यावर चढायला माझा खांदा लागतो. मी पेनीचा लगाम धरून ओंडक्याशी उभी राहिले. डोरिस आली, सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला आणि "मूर्ख बाई" म्हणाली. पहिल्या खेपेला पाय वर गेला नाही. दुसऱ्या खेपेला गेला, पण ती परत ओंडक्यावर आली आणि डोळे मिटून दम खात राहिली. तिसऱ्या खेपेला बसली. वरून तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लगाम माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "सर बाजूला." मी सरले, आणि ती चढाला लागली.